ठप्, ठप्, खट्!

बालेवाडीत रविवारी सकाळी फक्त ब्रंचच मिळतो असं कोण म्हणतं? हायवेच्या पलीकडे एक जागा अशीही आहे, जिथे मोबाइल सायलेंटवर असतो आणि अडकलेली वस्तू न आपटता दुरुस्त करतात!

बालेवाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हाय स्ट्रीटवरचे कॅफे, व्हॅले पार्किंगची रांग, हिंजवडीहून परतताना हायवेवर जाणारा तो एक तास. थोडे स्पोर्टी असाल, तर आयएसएलच्या मॅचेस आठवतील किंवा २०१८ ते २०२३ या वर्षांत इथे रंगलेली महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धा. पण त्याच श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एक कोपरा असा आहे, जिथे प्रेक्षक नाहीत, चीअरलीडर्स नाहीत आणि आरडाओरडा तर अजिबात नाही. ती म्हणजे इथली शूटिंग रेंज.

माझं तिथे जाणं सुरू झालं एका मैत्रिणीमुळे. तिचं नाव नको, तिलाही ते आवडणार नाही. सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांनी लिहिलेल्या कोडमधले बग शोधायचा तिला पगार मिळतो. शनिवार-रविवार ती पिस्तूल शूटर असते. पाच वर्षं झाली. त्यातल्या दोन वर्षांची बचत तिने स्वतःच्या पिस्तुलात घातली. घरच्यांच्या मते तेवढ्यात वन बीएचकेचं डाऊन पेमेंट झालं असतं. "तुझ्या त्या ऑफबीट स्टोरीसाठी ये ना एकदा," असं ती बरेच दिवस म्हणत होती. गेले, आणि मग सलग चार रविवार जातच राहिले.

हळू आवाजातली जागा

पहिल्याच दिवशी एक गैरसमज दूर झाला. शूटिंग रेंज म्हणजे सिनेमातल्यासारखा धूर आणि धडाधड गोळीबार, असं काहीतरी डोक्यात होतं. प्रत्यक्षात ती लायब्ररीच्या जास्त जवळची निघाली. लोक हळू बोलतात. बॅगा हळू उघडतात. १० मीटरच्या हॉलमध्ये एअर पिस्तूल आणि एअर रायफलवाले उभे असतात आणि तिथला आवाज म्हणजे नुसतं 'टक्'. ५० मीटरवर रायफलवाले पालथे झोपलेले. आणि मधल्या २५ मीटरच्या रेंजवर खऱ्या दारूच्या काडतुसांची पिस्तुलं. तिथला आवाज 'ठप्'. कोरड्या फळीवर फळी आपटल्यासारखा. कानावर मफ नसतील, तर चांगलाच बोचतो.

दारातच नियम कळतात. पिस्तूल टेबलावर असेल, तर त्याचं मॅगझिन बाहेर आणि चेंबरमध्ये भडक रंगाचा प्लॅस्टिकचा फ्लॅग खोचलेला. म्हणजे लांबूनही दिसतं, की आत काही नाही. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. पुढे टार्गेटजवळ कोणी गेलेलं असेल, तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. 'लोड' म्हटल्याशिवाय भरायचं नाही, 'स्टॉप' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. इथे दहावीतला मुलगा आणि आयटी कंपनीतला व्हाइस प्रेसिडेंट यांना एकच कायदा. ऑफिसात कुणाचं न ऐकणारी माणसं इथे शिट्टीवर चालताना पाहून मला भलतीच मजा वाटली.

या जागेला इतिहास पण आहे. संकुल उभं राहिलं १९९४च्या नॅशनल गेम्ससाठी. मग २००८मध्ये पुण्याने कॉमनवेल्थ युथ गेम्स भरवले आणि तेव्हा २५ मीटर पिस्तुलात गोल्ड घेतलं कोल्हापूरच्या एका शाळकरी वयाच्या मुलीनं, राही सरनोबतनं. दोनच वर्षांनी, २०१०च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये याच प्रकारात राही आणि अनिसा सय्यद या आपल्या दोघींनी जोडीचं गोल्ड मिळवलं. वैयक्तिक गोल्ड अनिसाचं, सिल्व्हर राहीचं. पुढे २०१३मध्ये राहीनं कोरियातल्या चँगवॉनला वर्ल्ड कपचं गोल्ड आणलं आणि २०१८च्या एशियन गेम्समध्ये शूटिंगचं गोल्ड जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आणखी मागे जायचं, तर देशाच्या रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ची आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. आजही त्यांच्या नावाची स्पर्धा होते. सांगायचा मुद्दा काय, तर पिस्तूल हा आपल्याकडे फक्त पोलीस स्टेशन आणि क्राइम पेजचा विषय नाही.

आणि मग खट्

त्या रविवारी मैत्रीण रॅपिड स्टेजची प्रॅक्टिस करत होती. हा प्रकार बघायला भन्नाट असतो. हात खाली, ४५ अंशांत. टार्गेटजवळ लाल दिवा. सात सेकंदांनी हिरवा. आता तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी, हात परत खाली. पुन्हा लाल, पुन्हा सात सेकंद. अशा पाच गोळ्यांची एक सिरीज. अशा सहा सिरीज. त्याआधी प्रिसिजन स्टेज, तिथे पाच गोळ्यांना पाच मिनिटं. एकूण ६० गोळ्या, ६०० गुण. आणि हे सगळं एका हातानं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्याला.

पहिली गोळी ठप्. दुसरी ठप्. तिसऱ्याला हिरवा दिवा लागला, हात वर गेला आणि काहीच झालं नाही. दिवा लाल झाला. तिने पिस्तूल तसंच टार्गेटकडे धरून ठेवलं, बोट ट्रिगरवरून बाजूला घेतलं आणि डावा हात वर केला.

माझ्या मनात आलं, अगं, हलव ना ते जरा! आपला रिमोट चालला नाही की आपण तळहातावर आपटतो, प्रिंटर अडकला की त्याला थोपटतो. इथे तसलं काहीच नाही. कारण नळीत नेमकं काय आहे, हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं. काडतूस अर्धवट अडकलेलं असेल. पिन बसूनही उडालेलं नसेल आणि क्षणभर उशिराने उडेल. म्हणून अशा वेळी नळी समोर धरून थोडं थांबायचं, हा पहिला नियम. आणि त्याहून वाईट शक्यता म्हणजे आवाज नेहमीपेक्षा फुसका आला आणि गोळी नळीतच राहिली. तशात पुढची गोळी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. "आवाज वेगळा आला की सीझफायर स्वतःच द्यायचा," असं इथे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगतात.

तिचे कोच आले. पन्नाशीचे, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी आधी काय केलं असेल? नुसतं पाहिलं. बाजूने, वरून. मग मॅगझिन काढायला सांगितलं. आत एक काडतूस नाक खाली घालून, नळीच्या तोंडाच्या जरा खालीच टेकून बसलं होतं. घाईत लोकल पकडताना दारातच अडकलेल्या माणसासारखं.

"या महिन्यात कितव्यांदा?" सरांनी विचारलं.

"मोजलं नाही, सर."

"मग आधी मोज."

राज्य स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती. तिथे पात्रता गुण मिळाले तरच पुढचा रस्ता. गेल्या वर्षी ते थोडक्यात हुकले होते. आता पिस्तूल दर तिसऱ्या-चौथ्या सिरीजला दगा देत होतं आणि त्याहून वाईट गोष्ट अशी, की प्रत्येक शॉटच्या आधी तिच्या मनात यायला लागलं होतं, 'आता अडकणार.' हात वर जाताना ती टार्गेटकडे कमी आणि स्वतःच्या पिस्तुलाकडे जास्त बघत होती. चांगल्या चाललेल्या सिरीजमध्येसुद्धा शेवटचे दोन शॉट सात-आठमध्ये जात होते. "विकूनच टाकते," त्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली. ती हे गंमतीत म्हणत नव्हती.

एका 'ठप्'मध्ये काय काय होतं

आता थोडं मेकॅनिक्स. बोअर नाही होणार, प्रॉमिस.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय? ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस जागेवर आणायचं काम पिस्तूल स्वतः करतं. पिन काडतुसाच्या बुडावर आपटते, दारू पेटते, गोळी पुढे जाते. त्याच वायूचा धक्का रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी आतल्या बोल्टला. बोल्ट मागे जाताना एक छोटी आकडी पुंगळीला ओढून आणते, दुसरा एक खिळा तिला बाहेर उडवतो. मग मागची स्प्रिंग बोल्टला परत पुढे हाकलते. येताना बोल्ट मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलतो, ते एका छोट्या उतरणीवरून चढून नळीच्या मागच्या टोकाला, म्हणजे चेंबरमध्ये बसतं. झालं! हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि यातली एक जरी पायरी चुकली, की खट्.

बरं, या स्पर्धेत वापरतात ते काडतूस 'पॉइंट टू-टू लाँग रायफल'. लांबी बरोब्बर एक इंच, गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या वर. हे काडतूस आलं १८८७च्या सुमाराला, अमेरिकेत. म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं बाजारात यायच्याही आधी. मॅगझिनमधून सुळकन वर सरकावं म्हणून ते बनलेलंच नाही. त्याच्या बुडाला बाहेर आलेली एक कडा असते, रिम. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या मागे गेली, तर दोघं एकमेकांत अडकतात. गोळी असते मऊ शिशाची, उघडी आणि वरून मेणाचा हात फिरवलेली. थोडी आपटली की नाक चेपतं. आणि ते मेण, दारूची काजळी आणि शिशाचा चुरा मिळून आत एक काळा चिकट थर तयार होतो. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला साचतो ना, तसा!

मग लोक हे वापरतातच का? कारण धक्का कमी, अचूकता जबरदस्त. इटलीची पार्दिनी, जर्मनीची वॉल्थर, स्वित्झर्लंडची मोरिनी अशा कंपन्या याच काडतुसासाठी देखणी पिस्तुलं बनवतात. ऑलिंपिकचा २५ मीटर पिस्तूल प्रकार याच काडतुसावर चालतो. स्वभाव नाजूक आहे, पण त्याचं ऐकून घेतलं तर साथ देतं. आपल्या ओळखीत अशी माणसं असतातच की!

काय बदललंस? सगळंच!

पुढच्या रविवारी मैत्रीण मोठ्या उत्साहात आली. आठवडाभरात तिने बरंच काही केलं होतं. काडतुसांचा ब्रँड बदलला. पिस्तूल साफ केलं. तेल घातलं, जरा जास्तच. रिकॉइल स्प्रिंग नवी टाकली. ग्रिपला सँडपेपर मारला. आणि पहिल्या तीन सिरीज सुरळीत गेल्या. चौथीत खट्.

"काय काय बदललंस?" सर.

"सगळंच बदललं, सर."

"म्हणजे आपल्याला काहीच कळलं नाही. अगं, ऑफिसात असंच टेस्टिंग करतेस का?"

ती गप्प झाली. कारण ऑफिसात ती नेमकं याच्या उलट करते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल लिहायचा, मगच दुसरी. हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. पण स्वतःची वस्तू बिघडली आणि समोर तारीख दिसायला लागली, की आपण सगळेच एकदम पाच उपाय करतो. नोकरीत मन लागत नाही, म्हणून जिम, डाएट, नवा फोन आणि गोव्याची ट्रिप एकाच महिन्यात करणारे तुम्हीही बघितले असतील. नंतर बरं वाटलं तरी कशामुळे वाटलं, हे कोणाला माहीत?

सरांनी एक शंभर पानी वही मागवली. चार रकाने आखले. कोणतं मॅगझिन, पाचातलं कितवं काडतूस, अडकलं ते नेमकं कुठे आणि पिस्तूल साफ केल्यापासून किती गोळ्या झाल्या. तिच्याकडे चार मॅगझिन होती, चारही दिसायला सारखी. त्यांच्या बुडाला तिने नेलपॉलिशचे ठिपके दिले. लाल, गुलाबी, निळा, पांढरा. जुनी स्प्रिंग परत घातली, जुनी काडतुसं परत आणली. म्हणजे आजार जसा होता तसा आधी परत आणला.

'कुठे अडकलं' या रकान्यावर सरांचा फार जोर. ते म्हणतात, अडकलेलं काडतूस आपल्याशी बोलत असतं, आपणच ते पटकन काढून फेकून देतो. त्यांच्याकडून मी जे टिपून घेतलं, ते थोडक्यात असं.

काडतूस नाक खाली करून उतरणीच्या खालीच टेकलं असेल, तर पहिला संशय मॅगझिनवर. त्याची स्प्रिंग थकली असेल, ते नीट वरपर्यंत बसलं नसेल किंवा त्याच्या वरच्या दोन वळलेल्या कडा, ज्यांना इथे सगळे लिप्स म्हणतात, त्या वाकल्या असतील.

काडतूस चेंबरमध्ये जवळजवळ गेलं, पण शेवटचे दोन मिलिमीटर बाहेर राहिलं, तर संशय घाणीवर. चेंबरमध्ये मेण-काजळीचा थर साचला असेल. स्प्रिंग मऊ पडली असेल, तरी असंच होतं.

रिकामी पुंगळी चिमणीसारखी उभी अडकली असेल, तर ती ओढणारी आकडी किंवा उडवणारा खिळा बघायचा, आणि काडतुसाचा जोर कमी पडतोय का तेही. थंडीच्या दिवसांत पहाटे मेण आणि तेल दोन्ही घट्ट होतात, तेव्हा बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि असले प्रकार वाढतात.

सगळं जागेवर आहे, पिनचा ठसा रिमवर उमटलाय, तरी काडतूस उडालं नाही, तर बहुतेक वेळा दोष काडतुसाचा.

आणि तेल? "फोडणीएवढंसुद्धा नको," सर म्हणाले. जास्त तेल काजळी धरून ठेवतं. दोन थेंब, मग पुसून घ्यायचं.

लाल ठिपका

तिसरा रविवार संपला तेव्हा वहीत ३०० गोळ्या आणि नऊ खट् जमा झाले होते. रेंजबाहेरच्या बाकावर बसून तिने वही उघडली आणि हसायलाच लागली. नऊपैकी सात लाल ठिपक्याच्या मॅगझिनमधले. सातही वेळा दुसरं नाहीतर तिसरं काडतूस आणि सातही वेळा नाक खाली. उरलेले दोन वेगवेगळ्या मॅगझिनमधले, पण दोन्ही वेळा साफसफाईनंतर दीडशेच्या वर गोळ्या झालेल्या आणि दोन्ही वेळा काडतूस चेंबरच्या दारात. एका बिघाडाच्या नावाखाली दोन बिघाड लपले होते. म्हणून तर एकही उपाय पूर्ण लागू पडत नव्हता!

सरांनी लाल आणि निळं मॅगझिन शेजारी शेजारी उजेडात धरलं. बारकाईने पाहिल्यावर मलासुद्धा दिसलं. लालच्या एका बाजूची लिप केसभर आत दबली होती. केव्हातरी ते सिमेंटच्या फरशीवर तोंडावर पडलं असणार. तिथे काडतूस घासत होतं, मागचा भाग रेंगाळत होता आणि नाक खाली जात होतं. पक्कड घेऊन ते घरी सरळ करायचा मोह तिला झालाच. सरांनी मॅगझिन खिशात घातलं. "हे काम हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. नाहीतर भंगार. स्पर्धेत नेलंस, तर मीच हात वर करीन."

लाखाच्या वरच्या किमतीच्या पिस्तुलात दोष नव्हता. तिच्या मनगटात नव्हता आणि ग्रिपमध्येही नव्हता. दोष होता पत्र्याच्या एका कडेत, केसाएवढा. आणि ज्या दिवशी हे कळलं, त्याच दिवशी दुपारी तिने सलग दोन सिरीज ४८च्या मारल्या. पिस्तूल तेच, आता फक्त तिला टार्गेटकडे बघायला वेळ मिळत होता.

बिघाडाचंही मॅनर्स असतं

यंत्र ऐन वेळी दगा देतं, हे मोठ्या स्टेजवरही घडलंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. ते एअर पिस्तूल, तिथे मॅगझिन वगैरे नसतं, त्यामुळे रोग वेगळा, पण घड्याळ तेच. दुरुस्तीसाठी तिला फायरिंग लाइन सोडावी लागली, मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती १२वी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने त्याच प्रकारात ब्राँझ घेतलं, मिक्स्ड टीममध्ये दुसरं आणि २५ मीटर पिस्तुलात चौथी आली. त्याच पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. टोकियोनंतर मनूला किती सल्ले आणि टोमणे मिळाले, ते तुम्हाला आठवत असेल. लाइनवरून उठून गेलेला माणूस परत येऊन त्याच लाइनवर उभा राहतो, हे लांबून दिसतं तेवढं सोपं नसतं.

२५ मीटरच्या नियमांत बिघाडाची दोन खाती आहेत. एक मान्य, एक अमान्य. काडतूस उडालं नाही, पुंगळी अडकली, फीडिंग झालं नाही, तर ते मान्य. राहिलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे पुन्हा झाडायची संधी मिळते, तीही मोजकीच वेळा. पण मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, सेफ्टी काढली नव्हती, भरायलाच विसरलात, तर ते अमान्य. न झाडलेल्या गोळ्यांचे शून्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खट् झाल्यावर तुम्ही स्वतः खुडबुड केलीत, तर दावा गेला. पिस्तूल समोर, पकड तशीच, मोकळा हात वर, तोंड बंद. रेंज ऑफिसर येऊन बघेल आणि ठरवेल. कॉर्पोरेट ट्रेनिंगवाले दोन दिवस रिसॉर्टवर नेऊन जे शिकवू पाहतात, ते इथे एका ओळीत लिहिलंय.

स्पर्धेचा दिवस

राज्य स्पर्धेला मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. तिच्याकडे तीन मॅगझिन होती, आदल्या रात्री साफ केलेली. प्रिसिजन स्टेज बरी गेली, ग्रेट नाही. रॅपिडच्या चौथ्या सिरीजमध्ये, तिसऱ्या गोळीला, खट्.

माझ्या पोटात गोळा आला. तिचा डावा हात वर गेला. सावकाश, वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलीसारखा. पिस्तूल तसूभर हललं नाही. रेंज ऑफिसर आले, त्यांनी तपासलं. रिमवर पिनचा ठसा स्पष्ट होता. काडतूसच फुसकं. मान्य! राहिलेल्या गोळ्यांची संधी मिळाली आणि तिने त्या अशा झाडल्या, की मागे बसलेल्या सरांनी चष्मा काढून पुसला.

तर, पात्रता गुण मिळाले का? नाही. चार कमी पडले.

पार्किंगमध्ये तिची मोठी बॅग डिकीत ठेवताना मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. तिने मला थांबवलं. "चारही प्रिसिजनमध्ये गेले. तिसरी सिरीज, मी घाई केली. पिस्तुलाचा काही संबंध नाही." आणि मग डिकी बंद करत म्हणाली, "गेल्या वर्षी कशामुळे हुकलं, तेच मला माहीत नव्हतं. या वर्षी माहीत आहे."

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला ती पुन्हा रेंजवर होती. वहीत पाचवा रकाना आखलेला होता, 'मी'.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

* सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलापासून करा. क्लबचं पिस्तूल आणि कोच मिळतो. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर पिस्तुलाला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. 'पॉइंट टू-टू'ला मात्र परवान्याशिवाय पर्याय नाही, आणि काडतुसांचाही हिशेब द्यावा लागतो.
* बंद बूट, साधे कपडे, कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.
* रेंजवर सेल्फी काढण्याआधी विचारा. बऱ्याच ठिकाणी उत्तर 'नाही' असंच येतं.
* खट् झालं तर? नळी समोर, बोट बाहेर, हात वर. बाकीचं कोच बघतील.
* आणि एक शंभर पानी वही. ती घरच्या बिघाडांनाही उपयोगी पडते!